पुळणीवरची दुसरी हाक

खारवण्याच्या पुळणीवर त्या सकाळी तीस-पस्तीस माणसं दोरीच्या बाहेर उभी होती. वन खात्याचे शेडगे साहेब होते, पंचायतीची माणसं होती, रत्नागिरीहून आलेले दोन बातमीदार होते. दोरीच्या आत वाळूवर पसरलेल्या मर्यादवेलीच्या कडेला चिखल्या पक्ष्याची तीन पिल्लं तुरुतुरु धावत होती. कापसाच्या बोंडाला काड्यांचे पाय लावावेत एवढीशी. त्यांचा बाप वीसेक पावलांवर, ओल्या वाळूत किडे टिपत होता.

सुरूच्या बनातून एक भटकं कुत्रं बाहेर आलं. ते अजून बरंच लांब होतं. बापाला ते दिसलं नव्हतं. माणसांपैकी फक्त दर्शनाला दिसलं. सवयीने तिची दोन बोटं तोंडाकडे गेली, शिट्टी घालून त्याला पिटाळायला. तेवढ्यात वाळूतून आवाज आला. बारीक, कोरडा, एकदाच.

तिन्ही पिल्लं जागच्या जागी बसली. बसली म्हणजे दिसेनाशीच झाली. नजर हटवली की पुन्हा सापडणार नाहीत अशी. कुत्रं हुंगत हुंगत त्यांच्यापासून चार हातांवरून गेलं आणि पाण्याच्या कडेने पुढे निघून गेलं. मग वाळूतून दुसरा आवाज आला, मऊ, दोन सुरांचा. पिल्लं उठली आणि पुन्हा धावायला लागली. बापाने तेव्हा कुठे मान वर केली.

"झालं," ऋतुजा म्हणाली. "एवढंच दाखवायचं होतं."

लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले.

"टाळ्या नकोत," दर्शना म्हणाली. "बाप बिथरेल."

आवाज तिला हवा होता त्यापेक्षा कडक आला. हात खाली गेले. शेडगे साहेब तिच्याकडे वळून हसले. "दर्शनाताई, तुमचं काम आता हलकं झालं बघा."

एका बातमीदाराने ऋतुजाला विचारलं, की पक्ष्यांची ही आवड कुठून आली. ऋतुजाने कपाळावरचे केस मागे सारले. "लहानपणापासूनच आहे," ती म्हणाली. "घर समुद्राला लागून. त्यामुळे आपोआप लागली."

दर्शना तीन पावलांवर उभी होती. 'आपोआप' हा शब्द तिने नीट ऐकला.

ती लग्न होऊन नार्वेकरांच्या घरात आली तेव्हा सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. घरात नवरा उल्हास, आणि त्याची नऊ वर्षांची बहीण ऋतुजा. उल्हास पहाटे उठून मासळीच्या शीतगृहावर जायचा. नऊ वर्षांची ती मुलगी कोणाशी बोलायची नाही, जेवायची नाही. दर्शना तिला पुळणीवर घेऊन जायची, कारण दुसरं काय करावं तिला सुचत नव्हतं. तिथेच दोघींनी पहिल्यांदा चिखल्याची अंडी पाहिली. ती शोधायची रीत दर्शनाने स्वतःच्या डोळ्यांनी काढली आणि ऋतुजाला शिकवली: "पाखरू जिथून उठून पळतं तिथे शोधू नकोस. ते फसवतं. लांब जाऊन बस, आणि ते परत कुठे येऊन टेकतं ते बघ." दोघी तासन् तास वाळूत पालथ्या पडून राहायच्या. ऋतुजा पुन्हा जेवायला लागली ती त्याच उन्हाळ्यात.

पुढे दर्शनाने काठ्या रोवल्या, दोऱ्या बांधल्या, पुळणीवर गाड्या घालणाऱ्यांशी भांडणं केली. चौदा वर्षांपूर्वी वन खात्याने तिला राखणदार म्हणून नेमलं आणि एक हिरवं जाकीट दिलं. तिला स्वतःचं मूल झालं नाही. ऋतुजा होती, त्यामुळे घर रिकामं कधी वाटलं नाही. मग ऋतुजा शिकायला गेली, आणखी शिकायला गेली, प्राण्यांच्या आवाजांवर संशोधन करून मोठी झाली, आणि एकतिसाव्या वर्षी हे यंत्र घेऊन घरी परत आली.

यंत्राचं नाव 'पहारा'. त्यामागची गोष्ट समजायला कठीण नव्हती. चिखल्या घरटं म्हणून काही बांधत नाही. वाळूत नुसता एक खळगा करतो. अंड्यातून निघालेली पिल्लं दोन-चार तासांत चालू लागतात आणि आपलं आपण टिपून खातात. मादी बहुतेक वेळा काही दिवसांत निघून जाते. मागे उरतो बाप, आणि बापाकडे पिल्लांना वाचवायला दोनच गोष्टी असतात. पंख मोडल्याचं सोंग करून शत्रूला दुसरीकडे नेणं, आणि हाक. एक हाक 'बसा' म्हणून, दुसरी 'उठा' म्हणून. पिल्लं या हाका अंड्यात असतानाच शिकायला लागतात. कवच फुटण्याआधीच्या चार-पाच दिवसांत ती आतून ऐकत असतात, आणि आपल्या बापाचा आवाज शेजारच्या बापाच्या आवाजापासून वेगळा ओळखतात.

हे सगळं अभ्यासकांना आधीच ठाऊक होतं. ऋतुजाने पुढचं पाऊल टाकलं. खळग्याशेजारी तिने वाळूच्या रंगाचे, लिंबाएवढे गोटे पुरले. गोटा त्या शेवटच्या दिवसांत बापाचा आवाज टिपून घ्यायचा आणि त्याच आवाजात नवी हाक तयार करायचा. किनाऱ्यावर एक उंच खांब, त्यावर भिंगं. भिंगांना अर्ध्या मैलावरचं कुत्रं दिसे, आभाळातली घार दिसे, रिसॉर्टच्या विजेवर चालणाऱ्या, आवाज न करणाऱ्या गाड्या दिसत. कोण कुठे चाललंय याचा हिशेब करून यंत्र गोट्याला सांगे, आणि गोटा बापाच्या आवाजात 'बसा' म्हणे. बापाच्या किती तरी आधी.

समुद्र चढत चालला होता. पूर्वी ज्या पुळणीवर साठ जोड्या राहायच्या तिथे आता पंचविसांना जेमतेम जागा होती, आणि पाचातलं एक पिल्लू उडण्यापर्यंत पोचत असे. पहाऱ्याच्या पहिल्या महिन्यात पाचातली चार पोचली. हे आकडे खोटे नव्हते. दर्शनानेच ते मोजले होते.

तरी तिला आनंद होईना.

तिचं रोजचं काम आता वेगळं होतं. सकाळी शिडी लावून भिंगांवरचं खारं पाणी पुसायचं, आणि गोट्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या. चौदा वर्षं डोळ्यांनी केलेलं काम फडक्याने करायचं. पुळणीवर लावलेल्या नव्या फलकावर ऋतुजाचा फोटो होता. घरी उल्हासने बहिणीची बातमी भिंतीवरच्या पडद्यावर कायमची लावून ठेवली होती. दूधवाला आला तरी त्याला तो ती वाचायला लावायचा. हे सगळं दर्शनाने चालवून घेतलं. पण एका संध्याकाळी एक गोटा बिघडला होता आणि ऋतुजा तो मांडीवर घेऊन दुरुस्त करत होती. शेवटी त्यातून नीट आवाज आला, तेव्हा ती त्याला पुसत म्हणाली, "शहाणं गं माझं ते."

दर्शना कांदा चिरत होती. हे शब्द तिचे होते. ऋतुजाची वेणी घालून झाली की ती तिच्या डोक्यावर टपली मारून हेच म्हणायची. तिने सुरी खाली ठेवली आणि मागच्या दाराने बाहेर जाऊन उभी राहिली. एका गोट्याचा आपल्याला हेवा वाटतोय, हे तिला स्वतःलाही सांगवेना.

त्यानंतर ती यंत्रातली चूक शोधायला लागली. चौदा वर्षांची नजर होती, शोधायला वेळ लागला नाही.

लंगड्या हा तिचा जुना ओळखीचा बाप. सहा वर्षांपूर्वी मासे पकडायच्या तंगुसात अडकून त्याच्या एका पायाची बोटं गेली होती. लंगडत धावायचा, पण त्याच्यासारखा सावध बाप पुळणीवर दुसरा नव्हता. एप्रिलच्या सुरुवातीला त्याची तीन पिल्लं निघाली. एका सकाळी कावळा आला, गोटा बोलला, पिल्लं बसली. कावळा जरा लांब जाऊन बसला. यंत्राने हिशेब केला की धोका टळला, आणि गोट्याने पिल्लांना उठवलं. लंगड्याला तसं वाटत नव्हतं. तो 'बसा, बसा' म्हणून ओरडत राहिला. पिल्लं त्याच्यासमोरून धावत गेली. एकानेही त्याच्याकडे पाहिलं नाही.

दर्शनाने वही काढली आणि तारीख, वेळ, घरटं लिहिलं. मग रोज लिहू लागली. बापाने हाक दिली, पिल्लं बसली नाहीत. पुन्हा नाही. पुन्हा नाही. दहा दिवसांत तेवीस नोंदी झाल्या.

दुपारी बांगड्याचं तिखलं वाढता वाढता तिने विषय काढला. "ऋतु, पिल्लं बापाचं ऐकेनाशी झालीत."

"म्हणजे?"

"तो हाक देतो, ती बसत नाहीत. गोट्याचंच ऐकतात."

"आवाज एकच आहे वहिनी. त्यांना फरक कसा कळेल?"

"गोट्याचा स्वच्छ येतो. त्याच्या आवाजात वारा असतो, लाटा असतात. आणि गोटा नेहमी आधी बोलतो. तो मागाहून ओरडतो तेव्हा ही आधीच बसलेली असतात. मग त्याच्या ओरडण्याला अर्थ काय उरला?"

ऋतुजाने भात कालवायला घेतला. "दोन-चार वेळा होत असेल तसं," ती म्हणाली. मग अगदी मऊ आवाजात, "वहिनी, तुला हे यंत्र आवडलेलं नाही, हे मला कळतं."

"आवडण्याचा प्रश्न नाही."

"मग कशाचा आहे?" उल्हास मध्येच म्हणाला. "महिनाभर बघतोय मी. तिने काही केलं की तुझं तोंड उतरतं. तिचं चांगलं झालेलं तुला बघवत नाही का?"

ऋतुजा म्हणाली, "दादा, असू दे."

उल्हास खोटं बोलला असता तर दर्शनाने उत्तर दिलं असतं.

तिची खरी अडचण वेगळीच होती. तेवीस वेळा पिल्लांनी ऐकलं नाही, हे तिने लिहिलं होतं. किती वेळा ऐकलं, हे लिहिलं नव्हतं. तशा वेळा आल्या होत्या. त्या आल्या की तिची पेन्सिल हलत नसे. आपण जे पाहतोय ते खरंच आहे, की आपल्याला पाहायचं आहे म्हणून दिसतंय, हे तिचं तिलाच ठरवता येईना. ज्या नजरेवर तिने आयुष्यभर विश्वास टाकला, तिच्यातच आता मीठ साचल्यासारखं झालं होतं, आणि ते फडक्याने पुसता येत नव्हतं.

त्या महिन्याच्या शेवटी रत्नागिरीत ऋतुजाचा सत्कार होता. आणखी अकरा किनाऱ्यांवर पहारा बसवण्याची घोषणाही तिथेच व्हायची होती. उल्हासने नवा सदरा घेतला. निघताना ऋतुजा दाराशी घुटमळली. "वहिनी, तूही यायला हवं होतंस. पण पुळणीवर कोणी तरी हवं."

"जा तू," दर्शना म्हणाली. "मी आहे ना, भिंगं पुसायला."

ऋतुजाचा चेहरा उतरला. दर्शनाला ते दिसलं आणि बरंही वाटलं.

दुपारी दोनच्या सुमारास पुळण तापून पांढरी पडली होती. कुत्री सावलीला, गाड्या बंद, माणूस एक नाही. दर्शना लंगड्याच्या भागात गेली. परीक्षा घ्यायची तर त्याचीच घ्यावी, असं तिने ठरवलं होतं. पिल्लं कोणत्याही बापाचं ऐकणार असतील तर याचं ऐकतील. वीस मिनिटं, जास्त नाही. तिने त्याचा सात नंबरचा गोटा उकरला, बॅटरी काढली, गोटा पुन्हा होता तिथे ठेवला आणि दोरीबाहेर जाऊन पालथी झाली.

पंधरा मिनिटं काहीच झालं नाही. पिल्लं चरत होती. लंगड्या मर्यादवेलीच्या सावलीत एका पायावर उभा होता. मग त्याने मान तिरकी करून आभाळाकडे पाहिलं.

घार होती. खूप वर, पण खाली उतरत होती. लंगड्याला ती वेळेवर दिसली होती. त्याने हाक दिली. कोरडी, ठसठशीत, जशी द्यायला हवी तशी.

पिल्लं बसली नाहीत. ती थांबली, आणि तिघांनीही माना उंचावून गोट्याकडे पाहिलं. लंगड्याने पुन्हा हाक दिली. मग पिल्लं धावत सुटली. वेगवेगळ्या तीन दिशांनी ती गोट्यापाशी आली आणि त्याला चिकटून उघड्या वाळूवर उभी राहिली. तो काही बोलेल म्हणून वाट पाहत होती.

लंगड्याने पंख पसरला, फरफटला, तडफडल्याचं सोंग केलं. घारीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती तिरकी आली आणि एक पिल्लू उचलून गेली. दर्शना उठून धावेपर्यंत तिने वळसा घेतला आणि दुसरं नेलं. उरलेलं एक तिथेच उभं होतं. दर्शना त्याच्यावर वाकून, दोन्ही हात पसरून उभी राहिली. तशीच वाकून तिने गोट्यात बॅटरी बसवली. घार अजून वरती फिरत होती. गोटा बोलला, 'बसा'. तिच्या दोन पावलांच्या मध्ये ते पिल्लू तत्काळ खाली बसलं.

आणि त्या वेळी दर्शनाच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की मी बरोबर होते. नुसती आलीच नाही, तिला त्याचा आनंद झाला. क्षणभरच. मग लांबवर लंगड्याची 'उठा' अशी हाक ऐकू आली. तो हाक देत होता आणि वाट पाहत होता. तिघांची.

दर्शना वाळूत बसली आणि किती वेळ बसून राहिली ते तिला कळलं नाही.

संध्याकाळी दोघं परतली. उल्हासच्या हातात शाल आणि श्रीफळ होतं. ऋतुजाने चपलाही काढल्या नव्हत्या, तोवर तिने यंत्राची दिवसभराची नोंद उघडली होती. ती सवयच होती तिची.

"सात नंबर एकोणीस मिनिटं बंद होता," ती म्हणाली. "बॅटरी उतरली का गं?"

"तेच असेल," उल्हास म्हणाला. "उन्हाने होतं तसं."

वाट मोकळी होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. बॅटऱ्या दर्शनाच बदलत असे. दुसरं कोणी विचारणारही नव्हतं.

"मी काढली," ती म्हणाली. "लंगड्याची दोन पिल्लं घारीने नेली."

उल्हासने शाल खुर्चीवर ठेवली. "म्हणजे, मुद्दाम?"

"मुद्दाम. तो हाक देत होता. ती गोट्याकडे गेली."

ऋतुजाच्या चेहऱ्यावर राग यायलाही वेळ लागला. "दोन पिल्लं," ती म्हणाली. "मला सांगायचं होतंस ना."

"सांगितलं होतं."

"नीट सांगायचं होतं."

"नीट सांगता येत नव्हतं मला," दर्शना म्हणाली. "खरं सांगू? तुझं यंत्र चुकावं असं वाटत होतं. सगळे तुझ्याकडे बघत होते. ती पाखरंसुद्धा. ज्या मुलीला मी अंडी बघायला शिकवली ती म्हणते, आपोआप आवड लागली. मला ते सहन झालं नाही. म्हणून मी बघत होते. पण जे दिसलं, ते खरं आहे."

ऋतुजा आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

अर्ध्या तासाने दार उघडलं. ऋतुजाचे डोळे लाल होते. "वही दे."

तिने उभ्या उभ्याच सगळ्या नोंदी वाचल्या. "हे फक्त न ऐकलेल्या वेळा आहेत. ऐकलेल्या कुठे आहेत?"

"लिहिल्या नाहीत."

"का?"

"मला त्या बघायच्या नव्हत्या."

ऋतुजाने वही मिटली. ती वहीच्या पुठ्ठ्यावरून अंगठा फिरवत राहिली. "मीही दोनदा पाहिलं होतं," ती शेवटी म्हणाली. "पिल्लू बापाकडे पाठ करून गोट्याकडे गेलेलं. मीही नाही लिहिलं."

दुसऱ्या दिवसापासून दोघींनी नीट परीक्षा घेतली. दोन बांबूंमध्ये दोरी बांधून तिच्यावरून पुठ्ठ्याची घार सरकवायची, गोटा तेवढ्यापुरता गप्प ठेवायचा, आणि पिल्लं काय करतात ते लिहायचं. ऐकलं तरी लिहायचं, नाही ऐकलं तरी लिहायचं. लिहिण्याचं काम दोघी वेगवेगळं करत होत्या, एकमेकींना न दाखवता. पहाऱ्यावर वाढलेल्या चौदा घरट्यांपैकी अकरा घरट्यांतली पिल्लं बापाच्या हाकेला बसली नाहीत. खाडीपलीकडच्या पुळणीवर पहारा नव्हता. तिथल्या नऊच्या नऊ घरट्यांतली बसली.

शेडगे साहेबांनी कागद दोनदा वाचला. "मग बंद करायचं का हे सगळं?"

"आता बंद नाही करता येणार," ऋतुजा म्हणाली. "जी यावर वाढलीत त्यांना बापाची हाक कळतच नाही. ती उडेपर्यंत चालू ठेवावं लागेल. पण पुढच्या अंड्यांपासून गोटा आधी बोलणार नाही. आधी बापाची हाक. त्याने ती दिली तर गोटा गप्प. त्याने नाहीच दिली, आणि अगदी शेवटचा क्षण आला, तरच दुसरी हाक गोट्याची."

"आणि बापाने हाक द्यायला उशीर केला तर?"

"तर काही मरतील."

"किती?"

"आतापेक्षा जास्त. पूर्वीपेक्षा कमी. पण ही पिल्लं पुढच्या वर्षी स्वतः बाप होणार आहेत साहेब. हाक म्हणजे काय हेच त्यांना ठाऊक नसलं, तर ती काय देणार? मग आपल्याला प्रत्येक किनाऱ्यावर, प्रत्येक पाखरामागे कायम गोटा पुरावा लागेल."

अकरा किनाऱ्यांचं काम थांबलं. सत्कार करणाऱ्या संस्थेने खुलासा मागवला. ऋतुजाने एकच अहवाल सगळ्यांना पाठवला आणि पाठवण्याआधी दर्शनाला वाचायला दिला. त्यात एक वाक्य होतं, 'हा दोष सर्वप्रथम राखणदार दर्शना नार्वेकर यांनी पाहिला.' त्याखालीच दुसरं वाक्य होतं, 'त्यांनी परवानगी न घेता यंत्र बंद ठेवल्यामुळे दोन पिल्लं दगावली.' दर्शनाला कित्येक दिवस आपलं नाव छापून यावं असं वाटत होतं. ते असं आलं.

"दोन्ही ठेवू?" ऋतुजाने विचारलं.

"ठेव."

शेडगे साहेबांनी हंगाम संपेपर्यंत तिला कामावरून काढलं. बोलताना त्यांची नजर टेबलावरच होती. दर्शनाने हिरवं जाकीट धुऊन, घडी करून त्यांच्याकडे नेऊन दिलं. त्यानंतरही ती रोज पुळणीवर जायची, पण दोरीच्या बाहेर, इतर माणसांसारखी. आत ऋतुजा असायची. भिंगं पुसायला आता तीच शिडी चढायची. तिला शिडीवर पाहिलं की दर्शनाला हसू यायचं, आणि दुसऱ्याच क्षणी आपलं फडकं तिच्या हातात पाहून पोटात दुखायचं. ते फडकं तिला कधी आवडलं नव्हतं. तरी दुखायचं.

मेच्या मध्याला नव्या रीतीची पहिली अंडी फुटली. बाप नवखा होता, पहिल्याच वर्षाचा, आणि पिल्लं दोन दिवसांची. सकाळी नऊच्या सुमाराला ऋतुजा दोरीच्या आत पालथी पडली होती, हातात यंत्राची कळ घेऊन. वाटलं तर ती दाबून गोट्याला बोलतं करता येत होतं. दोरीच्या बाहेर, हातभर अंतरावर दर्शना पालथी पडली होती. दोघींच्या मध्ये ती पिवळी दोरी.

कावळा आला आणि सुरूच्या खालच्या फांदीवर बसला. पिल्लं उघड्यावर होती. बापाचं लक्ष पाण्याकडे होतं.

"त्याला दिसला नाही," ऋतुजा कुजबुजली.

"दिसेल."

कावळ्याने फांदी सोडली. ऋतुजाचा अंगठा कळेवर आला.

"थांब," दर्शना म्हणाली.

"वहिनी, उशीर होईल."

"थांब जरा."

बापाने मान वळवली आणि हाक दिली. घाबरी, फाटकी हाक होती, पहिल्या खेपेची. गोटा गप्प राहिला. एक पिल्लू बसलं. दुसरं बसलं. तिसरं बसता बसता आणखी दोन पावलं धावलं, आणि कावळ्याने त्याला चोचीत उचललं.

सगळं संपायला चार सेकंदही लागले नाहीत. बाप कावळ्याच्या मागे उडाला, लांबवर गेला, परत आला. मग मऊ आवाजात त्याने 'उठा' म्हटलं. दोन पिल्लं वाळूतून उठली आणि थेट त्याच्याकडे धावत जाऊन त्याच्या पोटाखाली शिरली.

ऋतुजाने कळ वाळूत ठेवली होती. तिचे खांदे हलत होते. "मी दाबली असती तर ते वाचलं असतं," ती म्हणाली.

"हो," दर्शना म्हणाली. "वाचलं असतं."

तिने ऋतुजाची समजूत घातली नाही. चौदा वर्षांत तिने अशी किती तरी पिल्लं डोळ्यांसमोर जाताना पाहिली होती, आणि तिची समजूत घालायला तिथे कोणी नसे. हे दुःख तिचं एकटीचं होतं. यंत्र आलं, बातम्या आल्या, सत्कार झाले, तरी एवढं एक तिच्याकडे शिल्लक होतं. आता तेही ऋतुजाला मिळालं होतं, आणि ती तोंड वाळूत खुपसून रडत होती, दर्शना सुरुवातीच्या वर्षांत रडायची तशी. दर्शनाला त्याचाही हेवा वाटला.

मग तिने दोरीखालून हात पुढे केला आणि ऋतुजाच्या केसांतली वाळू झटकली. "उठ," ती म्हणाली. "दोन आहेत अजून. ती कुठे जातायत ते बघ."

ऋतुजाने डोळे पुसले आणि मान वर केली. दर्शना बाजूला सरकली. बाप कोणत्या बाजूला वळतोय, ते दर्शनाच्या जागेवरून जास्त चांगलं दिसत होतं. दोरी वर उचलून धरत तिने ऋतुजाला आपल्या शेजारी, बाहेर, ओढून घेतलं.